माझ्या मापाची सायकल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादाला नाही, वहिनीला नाही, आणि जिच्याशी रोज विहिरीवर गजाली मारते त्या शेजारणीला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय — आणि का सांगतेय ते विचारू नका. रडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. डोळ्यांना पदर लावणारी बाई हवी असेल तर दुसऱ्या घरी जा.

गोष्ट सायकलीची आहे. हसलात ना? हसा. लोकांना वाटतं, पाप म्हणजे कुणाची जमीन खाल्ली, कुणाचं सोनं लाटलं, असलं काहीतरी मोठं हवं. सायकलीत कसलं पाप? मीही तेच म्हणत होते. बरीच वर्षं म्हणत होते.

मी दादाच्या घरी राहते. लग्न झालं नाही. का झालं नाही, तर मी उंच आहे म्हणून — खरंच, एवढ्याचसाठी. बघायला आलेला प्रत्येक जण मी चहा घेऊन उभी राहिले की मान वर करून बघायचा, आणि मग त्याच्या आईला काहीतरी आठवायचं. ताडमाड म्हणायचे मला वाडीत. असो. शेजारच्या गावातल्या शाळेत मी पोरांची खिचडी शिजवते, घरी चूल बघते, काजूच्या दिवसांत बिया गोळा करते. वहिनी वाईट नाही. तिची जुनी लुगडी मला मिळायची, ती घोट्याच्या वर राहायची, एवढंच. घरात जे माझ्या वाट्याला यायचं ते आखूड यायचं. हे कारण म्हणून सांगत नाही हं. तुम्ही लगेच "अगंबाई, बिचारी" म्हणायला लागाल, म्हणून आधीच सांगते.

दादाची एकच मुलगी, प्रणाली. गोड पोर. बुटकी — माझ्या खांद्यालाही लागत नाही. बारावी झाली आणि तिला कणकवलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. वाडीतली पहिली मुलगी. वहिनीने साखर वाटली! पण कणकवलीची पहाटेची गाडी मिळते तिठ्यावर, आणि तिठा आमच्या वाडीपासून लांब, मध्ये एक चढाव. वाडीत एसटी येते ती दिवस वर आल्यावर. हॉस्टेल परवडणारं नव्हतं. तेव्हा ठरलं, पोरीला एक सायकल घेऊ. तिठ्यावर चहावाल्याकडे लावील, संध्याकाळी घेऊन येईल.

नवी सायकल कुठून घेणार? जुनीच बघायची होती. आणि बघायला पाठवलं कुणाला — मला. घरात सायकलीतलं कळतं ते मलाच. लहानपणी दादाच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून, कैची मारत शिकले होते मी. पडले, गुडघे फोडले, आईने बदडलं, तरी शिकले. पुढे दादाने ती सायकल विकली. मला कुणी विचारलं नाही. कशाला विचारतील? वहिनीने त्या वर्षीच्या काजूबियांचे पैसे रुमालात बांधून दिले आणि म्हणाली, "बरी बघून घे गो, तुका समाजता."

समाजता! तेच तर.

कुडाळला एकाकडे जुन्या सायकली मिळतात. तिथे गेले. आमच्या किनाऱ्यावर जुनी सायकल घ्यायची तर रंग बघून भुलायचं नाही, खारी हवा आतून खाते. मी चाक उचलून फिरवलं, लचकतंय का बघितलं. रिमच्या आतल्या बाजूला बोट फिरवून गंज बघितला. पायडल धरून आडवं हलवलं. चेन ओढून बघितली. सगळं नीट केलं, अगदी नीट. त्यात माझी चूक काढू नका.

परवडण्यासारख्या दोन निघाल्या. एक बुटकी, जांभळी, पुढे टोपली, चाकं लहान. बेल वाजत नव्हती, पण चाकं सरळ होती. प्रणालीची सायकल — बघताक्षणी कळावं अशी. दुसरी काळी, उंच, लेडीजच पण जुन्या बांध्याची, मागे दणकट कॅरिअर. भाव जवळजवळ तोच.

मी काळीला हात लावला. नुसता हात लावायचा होता — खरंच? नाही, खोटं कशाला बोलू. मला बसायचं होतं. बसले. दुकानदाराने विचारलं, "कोणाक होयी सायकल?"

आता बघा, इथे मी काय म्हणायला हवं होतं? भाचीला हवी, एवढीशी आहे, माझ्या खांद्याखाली. चार शब्द. त्याने लगेच जांभळी पुढे केली असती.

मी म्हटलं, "माकाच."

झालं. मग त्याने मापं घेतली. सीट माझ्या कमरेच्या हाडाजवळ आणून बसवली. मला भिंतीला धरून बसवलं, टाच पायडलवर ठेवायला सांगितली, पाय खाली सरळ जातोय का बघितलं, सीट अजून वर काढली. हँडल उचललं. ब्रेक माझ्या बोटांना पोचतील असा वळवला. चाकाचा आऊट, म्हणजे जराशी लचक होती ती काढली, ब्रेकची रबरं नवी घातली. आयुष्यात पहिल्यांदा एक माणूस माझ्या उंचीकडे बघून हसला नाही. त्याने फक्त पाना फिरवला. आणि मी सीटवर बसून पाय जमिनीला टेकवले तर — टेकले हो! बरोब्बर टेकले. मला इतका आनंद झाला की मी त्या दुकानात मोठ्याने हसले.

त्या वेळी प्रणाली आठवली का? आठवली. म्हणून तर सांगतेय. विसरले असते तर ती चूक झाली असती, आणि चूक सांगायला मी तुम्हाला बसवून ठेवलं नसतं.

एसटीचा कंडक्टर सायकल घेईना. टपावर जागा नाही म्हणाला. मेल्याच्या गाडीला टपावर सामानाची जाळीच नव्हती! मग मालवणकडे परत जाणारी मासळीची पिकअप मिळाली, रिकामे क्रेट भरलेली. ड्रायव्हरला वाटेत सोड म्हटलं. हँडलचा नट सैल करून ते चाकाच्या रेषेत वळवलं, म्हणजे कुठे अडकायला नको. क्रेटमधून खारं पाणी ठिबकत होतं, म्हणून चेनची बाजू वर करून निजवली आणि काथ्याने बांधली. ड्रायव्हर म्हणाला पुढे बस, मी मागेच बसले, एक हात सायकलीवर ठेवून. सगळं अंग म्हावऱ्याच्या वासाने भरलं. तिठ्यावर उतरून हँडल सरळ केलं, नट आवळला आणि बसून घरी आले. चढाव पायी चढले. उतारावर मात्र ब्रेकला हात लावला नाही. त्या वेळी माझं वय काय, विचारू नका.

आमच्या वेशीवर देवचार आहे — राखणदार, गावाचा. पिंपळाखाली दगड. नवी वस्तू, नवं वाहन गावात आणायचं तर त्याला नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, मग पुढे जायचं. मी नारळ कुडाळहूनच घेतला होता. ठेवला. हात जोडले आणि म्हटलं, "बा म्हाराजा, ही सायकल माझी आसा, माका सांभाळ." माझी. तोंडातून तेच निघालं.

घरी सांगितलं, या पैशांत हीच मिळाली. कुणी शंका घेतली नाही. कशाला घेतील? माका समाजता ना!

सीट पार खाली केली तरी प्रणालीचे पाय अधांतरी. "आते, माझे पाय टेकणत नाय गो," ती म्हणाली. मी म्हटलं, "सवय झाली काय टेकतले." सवयीने पाय लांब होतात का कधी? पण तिने माझ्यावर विश्वास ठेवला. अंगणात शिकली, मी मागून धरलं. आणि कॉलेजला जायला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी उतारावर थांबायला गेली, पाय खाली पोचला नाही, आडवी झाली. कोपर सोललं, हनुवटीला टाके पडले.

वहिनी घाबरली. आणि घाबरली की आमच्याकडे पहिला प्रश्न कुठला येतो? "वेशीर नारळ ठेवलंस मां?"

ठेवला होता. मी माझ्या हाताने ठेवला होता. हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता — मग पडली कशी? आणि मग कुणीतरी सायकलीकडे नीट बघितलं असतं. सीटकडे बघितलं असतं. माझ्याकडे बघितलं असतं.

मी म्हटलं, "रवलो गे." राहूनच गेला म्हणे ठेवायचा!

ज्याने काही केलं नव्हतं त्या देवचाराच्या माथ्यावर मी पोरीचं रक्त मारलं. तेवढ्यावर थांबले का? नाही! वहिनी म्हणाली, मग आता ठेवू नारळ, माफी मागू. म्हणजे प्रणाली पुन्हा सायकलीवर. पुन्हा पडणार. किंवा कुणीतरी म्हणणार, ही बदलून आणा. बदलून! तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सांगितलं, देवचार स्वप्नात आला होता, घोंगडी, काठी, सगळं. म्हणाला, "जेना हाडल्यान तेनाच बसाचा. दुसऱ्यान पाय लावूचो नाय." सायकल आणली होती मी. दादाने हात जोडले. वहिनीचा चेहरा उतरला. आणि काळी सायकल माझी झाली. विकायचीसुद्धा सोय राहिली नाही, देवचाराने नेमून दिलेली वस्तू कोण विकणार?

दुसरी घ्यायला पैसे नव्हते. वहिनीने साधं सुचवलं, "मगे तू तरी तिका फाटसून बसवन तिठ्यार सोड." किती सोपं होतं! कॅरिअर दणकट होतं, मला जमलं असतं, पहाटे उठायची मला सवय होती. पण दुसऱ्याने पाय लावायचा नाही, हे कोण म्हणालं होतं? दादाच म्हणाला, नको, विषाची परीक्षा नको. मीही मान डोलावली. तेव्हा तरी बोलता आलं असतं. सांगता आलं असतं की स्वप्न खोटं, नारळ ठेवलेला, सगळं माझं. पोरीचं कॉलेज एका वाक्यावर होतं आणि ते वाक्य माझ्या तोंडात होतं.

प्रणाली चालत जाऊ लागली. अंधारात उठून, बॅटरी घेऊन. पाऊस असला की वहाळाला पाणी यायचं, गाडी चुकायची. मग हजेरीवरून बोलणी खाल्ली, मग एक परीक्षा गेली, मग म्हणाली, "नको, आते, माझ्यान जमात नाय." दिवाळीच्या आधी सोडलं तिने. आता ती काजूच्या फॅक्टरीत जाते. फॅक्टरीची गाडी वाडीत येते, चालावं लागत नाही. काजूगर सोलते. बियांच्या तेलाने बोटं काळी झालीत, सालपटं निघतात. खोबरेल लावते मी तिला रात्री. हो, मीच लावते.

मला लाज वाटते का? वाटते. पण लाज वाटते म्हणून मी सायकल सोडली का? नाही सोडली. चोर तो चोर, वर शिरजोर — म्हणा, मीच माझ्या तोंडाने म्हणतेय. मी ती पुसते, तेल घालते, टायर दोनदा बदलले. शाळेत जाते तिच्यावरून, बाजाराला जाते, कधी कधी काही काम नसताना खाडीपर्यंत जाते आणि परत येते. त्या वेळी मी सुखात असते. हे खोटं सांगितलं तर बाकीचं सांगून काय उपयोग?

आणि आखूड लुगडी, मोडलेली लग्नं, विकलेली सायकल — ती तागडीत घालू नका. मी सुद्धा घालून बघितली आहेत. प्रणालीने माझ्याकडून यातलं काही घेतलं नव्हतं. तिच्याकडून मी का घ्यावं?

मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीने बायकांचा कार्यक्रम ठेवला. या वयात सायकल चालवते म्हणून माझा सत्कार. शाल आणि आंब्याचं कलम. कुणीतरी दोन शब्द बोला म्हणाले तर प्रणालीच उठली. हनुवटीवर ती रेघ अजून दिसते. आधी शुद्ध बोलायला लागली, "आमच्या आत्या ह्या आमच्या सर्वांच्या आदर्श आहेत," मग अडखळली, हसली, आणि म्हणाली, "सकाळी गाडीत बसताना आतेक सायकलीर बघलंय काय माका धीर येता. वाटता, आपल्यान नाय जमला, पण आपल्या घरातल्या एका बाईन करून दाखवला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीने डोळे पुसले. प्रणाली माझ्याकडेच बघत होती.

मीही टाळ्या वाजवल्या.