सिस्टरबाई आणि तलवारवाली पोरं

या, अशा जवळ सरका. दारातच उभं राहून "काय म्हणता, बरं आहे ना" विचारायचं आणि निघून जायचं, ही कुठली रीत तुमची? बसा आधी. आणि तो फोन पालथा घाला. तुम्ही सगळे माणसं बघून लिहिणारे, छापणारे लोक, म्हणून तर सांगायला घेतलं. नाहीतर मला काय, दाणे निवडायचे पडलेत.

"सगळ्यांशी बोललात का?"

आमच्या सिस्टर असं विचारायच्या. मनगटातल्या घड्याळावर एक बोट ठेवून, जसं काही समोरच्याची नाडी त्या घड्याळातच आहे. सून रुसली म्हणून तुम्ही रडत गेलात, तरी तेच. बांधावरून भावकीत वाजलं, तरी तेच. आधी सगळ्यांशी बोला, मग रडा.

हे त्या नर्सिंगला शिकल्या असतील असं वाटेल तुम्हाला. तर नाही. त्या हे शिकल्या जपानी गेममध्ये. हसू नका, पुढं ऐका.

मूळच्या दौंडच्या. आमच्या गावच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आल्या तेव्हा वेणी कमरेपर्यंत होती, रिटायर झाल्या तेव्हा अंबाडा लिंबाएवढा राहिला होता, पण त्यानंतरही राहिल्या इथंच. गावाचं नाव सांगत नाही, केंदूरच्या अलीकडं आहे एवढं पुरे. नाव सांगितलं तर उद्या माझ्या दारात कुणीतरी आभाराचा फ्लेक्स लावायचा. नवरा लवकर गेला. एक मुलगी, ती रांजणगावच्या एका कंपनीत लागली आणि कंपनीनं तिला जपानला पाठवली. जाताना ती टीव्ही आणि गेमची एक काळी पेटी आईच्या खोलीत ठेवून गेली. म्हणाली, आई, तुला करमेल. सिस्टरनी पेटीवर क्रोशाचा रुमाल घातला आणि वर औषधांचा डबा ठेवला. चार महिने तशीच होती.

त्यांच्या-माझ्या खोलीत एकच भिंत. एक दिवस दुपारी पलीकडून वाजंत्री ऐकू आली. मला वाटलं, कुणाचं लग्न. बघते तर सिस्टर चष्मा नाकावर, मांडीवर डिक्शनरी, हातात ते बटणांचं खेळणं. आणि टीव्हीवर पिवळ्या केसांचा एक पोरगा, पाठीवर तलवार स्वतःपेक्षा मोठी.

"आक्का, बसा. ह्याचं गाव जळालंय."

"मग करतोय काय?"

"काही नाही. उदास आहे."

पुढं कळलं की या गेमचे बरेच भाग आहेत. प्रत्येक भागात जग नवं, राक्षस नवा, नायक नवा. पण तलवार तेवढीच मोठी, आणि उदासही तेवढाच. बऱ्याच जणांना तर आपण कोण हेच आठवत नसतं. मी म्हटलं, हे तर आपल्यासारखंच की. दर पाच वर्षांनी नवा नायक, आणि निवडून आला की त्याला आपण कोण ते आठवत नाही.

सिस्टरना मात्र नायकाचं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव मागच्या रांगेत उभ्या असलेल्या पांढऱ्या झग्यातल्या पोरीवर. ती लढत नाही, बाकीच्यांना बरं करते. "ही नसती तर हा तलवारवाला पहिल्याच वळणावर आडवा झाला असता," त्या म्हणायच्या. "पण वेष्टनावर फोटो कुणाचा? त्याचाच."

नर्सच्या डोळ्यानं बघायच्या सगळं. विषावर वेगळी बाटली, गुंगीवर वेगळी, हे त्यांना पटलं. म्हणायच्या, कुणीतरी औषधातलं कळणारा माणूस असणार त्या जपानात. पण रात्रभर धर्मशाळेत झोपलं की तुटलेलं हाडही सांधतं, याचा त्यांना फार राग. आणि नायक कुणाच्याही घरात शिरतो, मडकी फोडतो, पेटीतलं काढून घेतो, आणि घरवाला समोर उभा राहून "आज हवा छान आहे" म्हणतो, हे बघून तर त्या पहिल्यांदा हातातलं खेळणं खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, सिस्टर, यात नवल काय, आपल्याकडं प्रचाराला येतात तेव्हा मीसुद्धा हवेबद्दलच बोलते.

एक गोष्ट मात्र मला आवडली. तिथं लढाईत पाळी असते. आपण मारायचं, मग राक्षसानं. आपण डिक्शनरीत शब्द शोधत बसलो तरी राक्षस हात खाली सोडून उभा. एवढी शिस्त मी आमच्या ग्रामसभेत कधी बघितली नाही.

आणि तिथला नियम असा, की नव्या गावात गेलं की प्रत्येक माणसाशी बोलायचं. दुकानदाराशी, म्हाताऱ्याशी, विहिरीवरच्या बाईशी. प्रत्येकाकडं एकच वाक्य असतं. दहादा विचारा, तेच सांगणार. पण गोष्ट जरा पुढं सरकली की तोच माणूस दुसरं वाक्य बोलतो, आणि वाट त्या दुसऱ्या वाक्यात असते. म्हणून सिस्टर प्रत्येकाकडं दोनदा जायच्या. तरणी पोरं दोन आठवड्यांत संपवतात तो भाग यांना वर्ष पुरला.

आता खरं सांगायचं ते सांगते.

आमच्याकडं एक भावी सरपंच आहेत. मी त्यांना नुसतं भावी म्हणते. गॉगल, हात छातीवर बांधलेले, वाढदिवस वर्षातून एकदा पण फ्लेक्स बारा महिने. या भावींना जनसंपर्क कार्यालयासाठी जागा हवी होती, आणि त्यांच्या मनात भरल्या उपकेंद्राच्या दोन खोल्या. नवी इमारत मंजूर आहे म्हणे. कुठं आहे? फ्लेक्सवर. ती होईपर्यंत नवी नर्स ओढ्यापलीकडच्या गावात बसणार, आणि बाळंतपणाचं लोखंडी टेबल जाणार गोडाऊनला.

धनगरवस्तीवरची एक सून तेव्हा आठव्या महिन्यात होती. तिचं पहिलं बाळ शिरूरच्या वाटेवर टेंपोतच गेलं होतं. तेव्हा सिस्टर रजेवर दौंडला होत्या. त्या बोलल्या नाहीत कधी, पण मला ठाऊक आहे, ती रजा त्यांना आयुष्यभर टोचली. या खेपेला त्यांनी त्या सुनेला सांगून ठेवलं होतं, तुझं इथंच करू, नव्या नर्सच्या शेजारी मी उभी राहीन.

सिस्टर ग्रामसेवकांकडं गेल्या. ते म्हणाले, "वरून पत्र आलं की बघू." दुसऱ्या दिवशी गेल्या. "वरून पत्र आलं की बघू." तिसऱ्या दिवशी परत आल्या त्या हसतच.

"आक्का, हा माणूस गेममधला आहे. गोष्ट पुढं सरकल्याशिवाय दुसरं वाक्य बोलायचा नाही."

मग पंचायतीच्या शिपायाकडं गेल्या. तो पहिल्यांदा म्हणाला, मला काय म्हाईत. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा इकडंतिकडं बघून म्हणाला, "बाई, ग्रामसभा हुणारच न्हाई. मान्सं जमणार न्हाईत. मंग तहकूब. आन् तहकूब सभेला मान्सं लागतच न्हाईत, धा जणांत ठराव हुतोय."

म्हणजे डाव असा होता. सभेला ठरल्या संख्येइतकी माणसं जमली नाहीत की ती पुढं ढकलायची, आणि पुढच्या सभेत घरच्याघरी हात वर करून खोल्या घ्यायच्या. आमच्या गावात असे कितीतरी ठराव झालेत. कधी झाले ते आम्हाला फ्लेक्सवरून कळतं.

तर सिस्टर निघाल्या, वाडीवस्तीवर, घरोघर, आणि सोबत मी. गेममध्ये चौघंच लढायला जातात, बाकीचे मागं राहतात. ते सिस्टरना कधी पटलं नव्हतं. बाकीच्यांनी काय चहा पीत बसायचं? म्हणून त्यांनी सगळं गावच सोबत घ्यायचं ठरवलं. एक आबा म्हणाले, मी पन्नास वर्सांत सभेला गेलो न्हाई, तितं मला कोन इचारतंय. सिस्टर म्हणाल्या, मी विचारते ना आबा, बीपीची गोळी घेता का? आबांनी बाही वर सरकवून दंडच पुढं केला.

त्यातूनच युक्ती निघाली. सभेच्या दिवशी त्यांनी पंचायतीच्या दारातल्या लिंबाखाली खुर्ची टाकली आणि बीपीचं मशीन मांडलं. सभेचं नाव काढलं तर आमच्या बायका घरातून निघायच्या नाहीत, पण बीपी बघायला सगळं गाव येतं. बीपी बघायचं, पाणी प्यायचं, आत जायचं, रजिस्टरात सही करायची, बसायचं. आणि प्रत्येकीला एकच वाक्य शिकवून ठेवलं होतं. "जास्त बोलायचं नाही. उठायचं, विचारायचं, बसायचं. बाळंतपणाचं टेबल कुठं ठेवायचं?"

हॉल भरला. शिपाई सह्या मोजायला लागला आणि ग्रामसेवकांच्या कपाळावर घाम आला. भावींनी माईक घेतला, विकास, तरुणाई, डिजिटल गाव. पहिली बाई उठली. बाळंतपणाचं टेबल कुठं ठेवायचं? भावी म्हणाले, चांगला प्रश्न आहे, आणि पाच मिनिटं बोलले. दुसरी उठली. तिसरी उठली. ते आबा उठले, त्यांना टेबलाचं काय घेणं, पण त्यांनीही विचारलं. भावींचं उत्तर आखूड आखूड होत शेवटी एकाच वाक्यावर आलं, "नवीन इमारत मंजूर आहे." इकडून हे वाक्य, तिकडून ते. पाळीनं.

माझी पाळी आली तेव्हा मी घोळ केला, हे कबूल करते. एक वाक्य माझ्या स्वभावात नाही. मी टेबलापासून सुरू केलं ते माझ्या नणंदेच्या बाळंतपणावर गेले, तिथून तिच्या दिराच्या विहिरीवर. भावींना तर विसावाच मिळाला. "आक्का, तुमचं चालू द्या," म्हणाले. मागून कुणीतरी माझा पदर ओढून मला बसवलं.

मग धनगरवस्तीवरची सून उठली. भिंतीला धरून उठली. तिला तेच वाक्य दिलं होतं आणि तिनं ते म्हटलं. पण बसली नाही.

"दादा, मला म्होरल्या म्हैन्यात लागल."

भावींनी माईक तोंडाजवळ नेला. तोंड उघडलं. मंजूर इमारत काही बाहेर आली नाही. आणि ग्रामसेवकांनी खाली मान घालून पेनाचं टोपण काढलं.

"टेबल तिथंच. ठराव लिहितो."

मी सिस्टरना शोधायला बाहेर आले. आतलं त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. प्रश्न विचारून बाहेर आलेल्या आबांना उन्हानं भोवळ आली होती, त्यांचे पाय वर करून त्या त्यांना साखरमिठाचं पाणी पाजत होत्या. मी सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं. जरा हा पेला धरा."

आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. "उपकेंद्र वाचवणारे कार्यसम्राट." भावी, गॉगल, खाली साठ जणांची मुंडकी. त्यात सिस्टर नव्हत्या. मी चिडले, तर त्या फ्लेक्सखाली उभ्या राहून एकेका चेहऱ्याला बघत होत्या. "ह्याला कांजिण्या आल्या होत्या. हा पायाळू. हा आठव्या महिन्यातला," असं मोजत. साठातले एकेचाळीस त्यांच्या हातचे निघाले.

ठरल्या दिवसापेक्षा आठ दिवस आधी ती सून आली. दोन्ही नर्सा आत, मी बाहेर. मुलगी झाली, चांगली सहा पौंडांची. सिस्टर बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि बराच वेळ हात पुसत राहिल्या. हात कधीच कोरडे झाले होते.

त्यानंतर त्या फार राहिल्या नाहीत. गुडघे गेले होते, दौंडला बहीण एकटी होती. जाण्याआधी मी विचारलं, गेममधल्या त्या शेवटच्या राक्षसाला मारला का? म्हणाल्या, नाही. त्याच्या दारापर्यंत जाते, आणि परत फिरून पहिल्या गावात येते. मी म्हटलं, भीती वाटते? तर म्हणाल्या, "त्याची कसली? तो मेला की सिनेमासारखी नावं वर सरकत जातात आणि गेम संपतो. मग त्या माणसांशी बोलता येत नाही, आक्का."

टेंपोत टीव्ही आणि काळी पेटी त्यांनी स्वतःच्या मांडीशी धरून नेली. आता माझ्या भिंतीपलीकडं खताच्या दुकानाचा माल असतो. दुपारी वाजंत्री वाजत नाही. मीच कधीकधी रेडिओ मोठा लावते.

तर ऐकलंत ना तुम्ही? आता जरा थांबा, मला त्यांच्याशी बोलू द्या, हे छापलं की बहीण त्यांना वाचून दाखवील.

सिस्टर, वस्तीवरची पोरगी आता बसायला लागली. काल तिची आई डोस द्यायला घेऊन आली होती, तर पोरीनं नव्या नर्सचं घड्याळ धरलं ते सोडेना. तिच्या आईनं अजून जावळ काढलेलं नाही. विचारलं तर म्हणते, बाई आल्याबिगर न्हाई. सासू कुरकुरायला लागलीय, केस डोळ्यांत येतात. तुमच्या गुडघ्यांचं मला कळतं, पण सकाळची यष्टी दौंडहून थेट शिरूरला येते, पुढं मी जीप पाठवते, पुढची सीट सांगून ठेवते. दोन दिवसांसाठी या. लवकर या.