मधल्या माणसाचं नाव

धुळ्याच्या एसटी स्टँडवर भेटलेल्या त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. त्या भाषेचा अभ्यास करत होत्या आणि केसात खोचलेलं पेन पर्समध्ये शोधत होत्या.

म्हणाल्या, "वाक्यात 'कोणाला' सुरुवातीला, त्याचं क्रियापद 'दिली' पार शेवटी. मध्ये माणूस बसवला तरी दोघांचं नातं टिकतं का, ते बघते. बस सुटायच्या आत मोबाईलमध्ये एवढं वाक्य म्हणा, ताई."

वाक्य होतं, 'कोणाला अमका म्हणाला की आईने केळी दिली?' अमक्याच्या जागी त्यांनी नेमकं माझ्या नवऱ्याचं नाव घातलेलं. मी तेवढं गाळून म्हटलं. पुन्हा म्हणवलं, पुन्हा गाळलं.

"इकडच्या बोलीत मधला माणूस गळतो!" बाई हरखल्या.

माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई हसल्या. "अवं माय, तिना नवरानं नाव शे ते!"

बाईंनी नाव बदललं. आता सासूबाईंनीच तोंडाला पदर लावला. ते सासऱ्यांचं निघालं.

बसचा हॉर्न वाजला. मी हळूच म्हटलं, "तुमच्या नवऱ्याचं घाला, मी म्हणते."

बाई लाजल्या. "ह्यांचं?"

वाक्य राहिलंच. पण तीन नवरे गळले, तरी मधली जागा कुणाची ते आम्हा तिघींना पक्कं ठाऊक होतं.