डोमाजी गोटा शोधायला उतरले

राजापेठेतल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर जाऊन नुसतं "तायडे ड्रायव्हर" म्हणा. चहावाला आधी हसेल आणि मग सांगायला लागेल. तो सांगेल त्यातलं निम्मं खोटं असेल. खरं निम्मं तेवढं इथं आहे, आणि ते चहावाल्याच्या खोट्यापेक्षा वाईट आहे.

डोमाजी तायडे एसटीत तेहतीस वर्षं ड्रायव्हर होते. अकोट ते अमरावती, ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. त्यांच्या बसचा धक्का कधी कुत्र्यालाही लागला नाही. दर्यापूरजवळ एकदा म्हैस रस्त्यात बसली, तर डोमाजी खाली उतरून दहा मिनिटं तिची समजूत काढत होते, असं त्यांचे कंडक्टर सांगत. पुढं विना अपघात सेवेचा बिल्ला मिळाला. लोक लग्नाला जाताना अत्तर लावतात, डोमाजी बिल्ला लावायचे.

या बिल्ल्यात दुसऱ्या एकाचाही वाटा होता. त्याचं नाव 'असिस्टंट'. असिस्टंट म्हणजे पूर्णेच्या पात्रातून उचललेला, वीतभर लांबीचा काळा गोटा. बस उभी केली की डोमाजी न्यूट्रल करत, हँडब्रेक ओढत, उतरत आणि मागच्या चाकाखाली असिस्टंट सारत. कोणी हसलं की म्हणत, "ब्रेक कारखान्यात बनते, गोटा जमिनीत बनते. कारखाना चुकते, जमीन नाई चुकत." निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे डेपोत राहिले आणि असिस्टंट घरी आला. मैनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्याला लोणच्याच्या बरणीवर बसवला.

मग नागसेननं हायब्रीड गाडी घेतली. नागसेन हा डोमाजींचा मुलगा, सरकारी नोकरीत, नीटनेटका माणूस. चपलासुद्धा ओळीत ठेवणारा. गाडी पेट्रोलवर चालते की बॅटरीवर, हे ती स्वतःच ठरवते. उभी राहिली की इंजीन आपोआप चूप होतं, इतकं की ती चालू आहे की बंद, हे बसणाऱ्याला कळू नये. हँडब्रेकचा दांडा नाही, त्या जागी नखाएवढा खटका. पहिल्याच दिवशी डोमाजी असिस्टंटला फडक्यात गुंडाळून घेऊन आले, तर नागसेन आडवा आला.

"बाबा, नव्या गाडीत गोटा?"

"मंग चाकाले काय लावशीन?"

"काईच नाई लावाचं. थे गाडी हुशार हाय."

"हुशार तर तूबी हाय. तुह्या पाठीमांगं मी उभा हावो ना अजून?"

पण असिस्टंट परत बरणीवर गेला. डोमाजींना ते लागलं.

गाडीची पहिली सर्व्हिसिंग अकोल्याच्या शोरूममध्ये झाली. बापलेक दोघं गेले. मागच्या ब्रेकचं काम रागिणी नावाची मेकॅनिक करत होती. धामणगाव रेल्वेची, तिशीची, कोपरापर्यंत काळी झालेली, त्या वर्कशॉपातली एकटी बाई. डोमाजी बाजूला उभे राहून सूचना देत होते, आणि ती त्या न ऐकता काम करत होती. शेवटी हात पुसत तिनं त्यांना खटका दाखवला.

"काकाजी, हा दाबाचा नसते. दाबला का ब्रेक सुटते. वर ओढाचा, मंग लागते. लाल लाइट पाहाचा आन् मंगच उतराचं."

"मले नोको शिकवू, पोरी. तुह्या जन्माआंधीपासून ब्रेक लावून राहिलो."

ती हसली. डोमाजी हसले नाहीत, आणि त्यांनी नीट ऐकलंही नाही.

त्यानंतर आठव्या दिवशी शेजारच्या रामरावांच्या नातीचं लग्न. बडनेरा रोडवरचं लॉन. रस्त्यावरून फाटकाकडं चांगला उतार, आणि फाटकात फुलांची कमान. नागसेन थेट ऑफिसातून येणार होता, म्हणून गाडी डोमाजींनी आणली. बिल्ला लागलेला होता. मैनाबाई आधी उतरून आत गेल्या. डोमाजींनी गाडी उतारावर उभी केली, न्यूट्रल केली, खटका बेलसारखा दाबला. गाडी चूप. म्हणजे बंद, असं त्यांना वाटलं. तरी मन मानेना. तेहतीस वर्षांची सवय. ते उतरले आणि नालीच्या कडेला गोटा शोधू लागले. मागं गाडी टुंग टुंग वाजत होती. डोमाजींना वाटलं, बँडवाले साउंड तपासून राहिले.

मनासारखा गोटा सापडायला वेळ लागतो. कोणता गोल असतो, कोणता भुसभुशीत. चांगला एक घेऊन ते वळले, तर गाडी जागेवर नव्हती. ती वऱ्हाड्यासारखी डुलत डुलत, आवाज न करता, फाटकाकडं निघाली होती. डोमाजी ओरडले. लोक पांगले. गाडीनं कमान घेतली, कमानीनं रामरावांना घेतलं, आणि रामराव फेट्यासकट प्लास्टिकच्या फुलांत असे बसले की फोटोग्राफरनं सवयीनं दोन फोटो काढले. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. गाडीचा एक दिवा फुटला, एवढंच.

क्षणभर सगळे गाडीकडं बघत होते. त्या क्षणात डोमाजींनी हातातला गोटा हळूच नालीत सोडला. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं खोटं तेच, त्याला शब्द लागले नाहीत. शब्द लगेच मागून आले.

"काय झालं जी, तायडे?" रामरावांनी फुलांतूनच विचारलं.

"बिरेक फेल झाला."

"तुमच्या हातून?"

त्या "तुमच्या हातून"मध्ये सगळं होतं. बिल्ला होता, म्हैस होती, तेहतीस वर्षं होती. लोक बघत होते, कोणाचा तरी मोबाइल व्हिडिओ काढत होता. डोमाजी बोलून गेले, "माह्या हातून नाई. आठ दिवसांआंधी अकोल्याले बाईमाणसानं खोलला होता ब्रेक. मंग दुसरं काय होईन?"

लोक हसले. मोठ्यानं, मोकळं हसले. आणि डोमाजी सुटले.

गोष्ट तिथंच मिटायची, पण नागसेन नीटनेटका माणूस. अमरावती-अकोल्याच्या हायब्रीडवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर त्यानं सगळं लिहिलं. ग्रुपवर आधीच धग होती. अकोटच्या एका डॉक्टरांची गाडी चार दिवस उभी राहिली, तर ब्रेक सुटेचना. कोणाला रोज पिवळा दिवा दिसायचा. कोणाची उतारावर फूटभर सरकायची. त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. आता त्यांना डोमाजी मिळाले. बिल्लेवाले, पेन्शनर, साक्षात पुरावा. ग्रुपवर त्यांचा फोटो आणि लग्नातला व्हिडिओ फिरला, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. रविवारी अकोल्याच्या शोरूममध्ये बैठक ठरली. डोमाजींनी बोलायचं.

शुक्रवारी जेवताना नागसेन खुशीत म्हणाला, "बाबा, त्या रागिणीले कामावरून काढून राहिले. आता गाड्या धुवाले लावली हाय. तुमी रविवारी बोलले का घरीच."

डोमाजींचा घास हातातच राहिला. भाकरीवरचं पिठलं निवत गेलं.

नागसेन उठून गेल्यावर मैनाबाईंनी बरणीवरचा असिस्टंट उचलला, लोणचं काढलं, असिस्टंट परत ठेवला. मग नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी फाटकातून पायत होती. तुमी नालीपाशी वाकलेले होते. गोटाच पायत होते ना?"

डोमाजींनी ताट पुढं सरकवलं.

"गाडीतून उतरल्यावर गाडी गेली. मंग ब्रेक लागलाच होता, हे तुमाले कसं माईत?"

"दाबलं होतं म्या बटन."

"दाबलं? नागसेन तर वर ओढते."

ताट उचलताना त्या एवढंच म्हणाल्या, "आपली भावना कंडक्टर झाली, तवा तुमचे भाऊबंद काय म्हणे? 'बाईमाणूस काय बस सांभाळन.' तवा तुमी त्याइच्या दारात जाऊन भांडले होते. मले वाटे, का माणूस असावा तर असा."

भावना त्यांची धाकटी. यवतमाळकडं एसटीत कंडक्टर आहे. मैनाबाई भांडल्या असत्या तर डोमाजींनी निभावून नेलं असतं. भांडणाची त्यांना तेहतीस वर्षांची प्रॅक्टिस होती. त्या "वाटे"चं त्यांना काही करता येईना. शनिवारी ते टपरीवर गेले नाहीत. रामराव मिठाई घेऊन आले, तर डोमाजी न्हाणीत जाऊन बसले आणि ते जाईपर्यंत नळ सोडून ठेवला.

रविवारी शोरूमच्या अंगणात तीसेक गाड्या आल्या. नागसेनच्या गाडीत डोमाजींसोबत मैनाबाईही आल्या. डोमाजींना शाल दिली, ती चटके देत होती. बैठकीआधी मॅनेजर म्हणाले, एकदा गाडी बघून घेऊ. रागिणीला धुलाईच्या जागेवरून बोलावलं. गुडघ्यापर्यंत ओली, पायात रबरी चपला. ती डोमाजींच्या शेजारच्या सीटवर बसली. काच वर होती. बाहेर माणसं, आत दोघंच.

"काकाजी, त्या दिवशी कसा लावला, तसाच लावून दाखवा."

डोमाजींचं मन म्हणत होतं, वर ओढ. पण हात मनाचा नोकर नव्हता, एसटीचा होता. अंगठा गेला आणि खटका दाबून मोकळा झाला. लाल दिवा विझला.

रागिणीनं दिव्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं स्वतः हात पुढं करून खटका वर ओढला. दिवा लागला.

"तुमी सांगता का मी सांगू?" ती हळूच म्हणाली. "मी सांगितलं तर कोनी मानन नाई. हेबी तुमाले माईत हाय."

डोमाजी उतरले. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. नागसेन पहिल्या ओळीत, मोबाइल रेकॉर्डिंगला लावून. डोमाजी उभे राहिले. शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"ब्रेक फेल नाई झाला," ते म्हणाले. "म्या लावलाच नाई. उलटा दाबला. गाडी चालूच होती, मले बंद वाटली. मी गोटा शोधाले उतरलो. या पोरीनं मले आंधीच सांगितलं होतं, म्या आयकलं नाई. अन् मंग खोटं बोललो."

कोणीतरी मागून विचारलं, "गोटा? कोनता गोटा?" आणि हसू फुटलं. लग्नातलंच ते हसू, फक्त या वेळी ते डोमाजींवर आलं. नागसेनचा मोबाइल अजून वर होता. तो खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

मॅनेजर मात्र फुलले. "पाहा मंडळी," ते म्हणाले, "म्हणजे गाडीत दोष नाही. वापरणाऱ्यांचीच चूक असते."

अकोटचे डॉक्टर ताडकन उठले. "आमची गाडी चार दिवस जागची हलली नाही, ती काय आम्ही बटण चाटलं म्हणून?" पण त्यांचा आवाज आता पडला होता. तीस जण डोमाजींकडं असे बघू लागले, जणू पंगतीत त्यांनी वाढलेल्या पानात पाय दिला. डोमाजींना वाटलं, खोटं बोललो तेव्हा एकीचं नुकसान केलं, खरं बोललो तेव्हा तिसांचं. आता तिसरं काही बोलायची सोय नव्हती.

तेव्हा रागिणी बोलली. "साहेब, काकाजीची चूक हाय. डॉक्टरसाहेबाची नाई. त्याइच्या गाडीत ब्रेकची मोटर अटकते. अजून तीन गाड्याइत हायच. म्या जॉबकार्डावर लिवलं होतं, तुमी सही केली नाई."

मॅनेजरांचा चेहरा पडला. डॉक्टर "कार्ड आणा" म्हणून ओरडले. खुर्च्या सरकल्या आणि सगळी गर्दी काउंटरकडं वळली. डोमाजींना वाटलं, आपलं झालं. ते फाटकाकडं निघाले.

"काकाजी."

रागिणी मागून आली होती. पाठीमागं वर्कशॉपातले सात-आठ मेकॅनिक पाने हातात धरून उभे.

"ब्रेकचं सांगितलं, चांगलं केलं. पन तुमी अजून एक बोलले होते. 'बाईमाणसानं खोलला.' याइनं थो व्हिडिओ आठ दिवस लावला. जेवाले बसली का लावत. थेबी इथीच वापस घ्या."

पहिली कबुली डोमाजींनी अनोळखी गाडीवाल्यांपुढं दिली होती. ही कामगारांपुढं होती, आपल्या जातकुळीच्या माणसांपुढं, ज्यांच्या हाताला ऑइल लागतं.

"चुकलं माहं," ते म्हणाले. "तुह्या हातात काई कमी नाई. कमी माह्यात होतं, म्हून तसं बोललो. माही पोरगीबी कंडक्टर हाय. मले तर बोलाचा हक्कच नव्हता."

एक मेकॅनिक खाली बघू लागला. रागिणीनं मान हलवली आणि ओल्या चपला फटफटवत काउंटरकडं गेली. माफ केलं की नाही, ते तिनं सांगितलं नाही. डोमाजींनी विचारलंही नाही.

परतीच्या वाटेवर नागसेननं मूर्तिजापूरला चहाला गाडी थांबवली. खटका वर ओढला, लाल दिवा बघितला, उतरला आणि एकट्यानं चहा प्यायला. डोमाजी मागच्या सीटवर मैनाबाईंशेजारी बसून राहिले. बिल्ला त्यांनी केव्हाच काढून रुमालात बांधला होता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर भावनाचा खाकीतला फोटो. ग्रुपवरचा व्हिडिओ यवतमाळला पोचला होता. कोणता, लग्नातला की आजचा, ते कळायला मार्ग नव्हता. फोन वाजून थांबला. परत वाजला.

"घ्या ना," मैनाबाई म्हणाल्या.

डोमाजींनी घेतला. पलीकडं स्टँडचा गलका होता, आणि त्यातून भावनाचा आवाज, "बाबा, तुमी खरंच तसं बोलले होते?"

"हाव, बेटा," डोमाजी म्हणाले. "बोललो होतो."