पंपाचा स्क्रू आणि धाकटी बहीण

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर बाबांनी त्यांची जुनी टर्बो डिझेल गाडी मला दिली. तिचं पासिंग मीच करून आणलं, आणि दर रविवारी बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत तिला धुतोही मीच. तरी गाडी जरा कुरकुरली की बाबांना माझी धाकटी बहीणच आठवते. ती मुलुंडला राहते आणि एका वर्कशॉपमध्ये इंजिनला डिझेल पोचवणारे पंप दुरुस्त करते.

गेल्या हिवाळ्यात गाडी चढाला मरगळायला लागली. घोडबंदरच्या चढावर एक भरलेला टेम्पो आम्हाला मागे टाकून गेला. शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "गाडी दम धरणा नाय. तिका फोन लाव."

"मी बघतो ना," मी म्हणालो.

"तुका काय कळता त्यातला?"

हे ते रागाने बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. मी फर्स्ट क्लासचा निकाल घेऊन घरी आलो होतो, त्या दिवशीही बाबा शेजाऱ्यांना तिने दुरुस्त केलेला मिक्सर दाखवत होते.

रविवारी मी मोबाइलवर व्हिडिओ बघत बॉनेट उघडलं. पंपाच्या मागे एक स्क्रू असतो, तो आत घेतला की इंजिनला डिझेल जास्त जातं. मी अर्धा फेरा घेतला. फरक वाटला नाही, म्हणून आणखी अर्धा. आधी तो कुठे होता याची खूणही केली नाही. गाडी चालू करून ॲक्सिलरेटर दाबला, तर मागून काळाकुट्ट धूर आला आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर काजळी बसली. बाबा गॅलरीत उभे होते.

शेवटी मीच तिला फोन केला.

ती दुपारी आली. वाकून बघितलं आणि म्हणाली, "दादा, स्क्रू फिरवलास?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे किती?"

"एक फेरा."

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने इंजिनात जास्तीची हवा दाबणाऱ्या टर्बोकडून पंपाकडे येणारी बोटाएवढी रबरी नळी वाकवली, तशी तिची चीर उघडी पडली.

"टर्बोची हवा वाढली की पंपाने डिझेल वाढवायचं असतं. पण नळीच फाटलीय, त्याला कळणार कसं? तू वरून नुसतं डिझेल वाढवलंस, म्हणून धूर."

तिने नवी नळी बसवली. मग स्क्रू थोडा थोडा बाहेर घेत, दर वेळी आवाज ऐकत आणि धूर बघत राहिली. बाबा खाली येऊन तिच्या बाजूला उभे राहिले. दोघांची मान एकाच बाजूला कललेली होती. मी टॉर्च धरला होता, भर दुपारी.

ट्रायलला ती चालवायला बसली, बाबा पुढे, मी मागे. त्याच चढावर तिने दोन टेम्पो मागे टाकले. बाबांनी डॅशबोर्डवर थाप मारली.

पुढे चहाला थांबलो. बाबा गाडीतच बसले. मी म्हणालो, "बाबांना प्रत्येक गोष्टीला तूच लागतेस."

तिने कप खाली ठेवला. "लागते ना. पण गाडी तुला दिली. तिच्या इंजिनचा प्रत्येक नट मी खोललाय, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही. त्या दिवशी घरी जाऊन रडले मी."

मला हे माहीत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, पण आधी बरंच वाटलं, आणि मग त्याची लाज वाटली.

तिने किल्ली पुढे केली. मी घेतली नाही. म्हणालो, "तूच चालव. दर रविवारी ये आणि घेऊन जा."

"नक्की? नंतर तोंड पाडून बसशील."

"बसेन," मी म्हणालो.

आता रविवारी ती येते आणि बाबांना घेऊन फिरून येते. मी वरून बघतो, आणि प्रत्येक वेळी तोंड पाडून बसतो.