मुलुंडच्या डोंगरातल्या लाल फिती

रश्मीच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. उरलेली अर्धी घाटातल्या एका चापड्याच्या विषानं सडली आणि डॉक्टरांनी कापून टाकली. सापाला दोष देऊ नका, असं ती सगळ्यांना बजावते. लेन्स त्याच्या नाकासमोर कुणी नेली होती? विक्रोळीच्या चाळीत वाढलेल्या, जीवशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या या मुलीला नोकरी कधी मानवली नाही. घाटातली सदाहरित जंगलं, अरुणाचल, एकदा थेट बोर्निओ. बोलावणं आलं की कॅमेरा घेऊन निघालीच. एकदा हत्तीनं सोंडेत धरून भिरकावलं, तीन बरगड्या मोडल्या, तरी चार महिन्यांत बाई पुन्हा रानात. आई, कमल, म्हणायची, "तू तिकडंच मरशील गं एक दिवस." रश्मी नुसती हसायची.

त्या जंगलांनी तिला एक सवय लावली होती. तिथं झाडोरा इतका दाट, की वीस पावलांत परतीची वाट हरवते. म्हणून दर वीस पावलांवर झाडाला लाल फीत बांधायची. गेल्या हिवाळ्यात मुलुंडच्या डोंगरात बिबट्यांच्या मोजणीचं काम मिळालं, तेव्हाही तिनं तेच केलं. आता मुलुंडला कशाला हव्यात फिती? मान वर केली की टॉवर दिसतात. जनावरं जिथून जातात नेमकी ती वाट हुडकायची, तिच्यावर आपोआप फोटो काढणारे कॅमेरा ट्रॅप लावायचे आणि तिथपर्यंत फिती बांधत जायचं. रानडुकरांसाठी तारेच्या फासक्या लावणाऱ्यांना आपण बोट धरून तिथवर नेतोय, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. इतकी शिकलेली, पण नाही आलं.

मार्चमध्ये एका सकाळी राजारामचा फोन आला. पायथ्याच्या पाड्यातला हा साठीचा माणूस तिला डोंगर दाखवत आला होता.

"ताई, पळत ये. तुझ्या फितीजवळ वाघीण अडकलीय."

पाड्यात बिबट्यालाही वाघच म्हणतात. पाठीवर नेहमीची बॅग आणि ट्रायपॉड अडकवून रश्मी धापा टाकत वर पोचली आणि जागीच थिजली. मादीच्या कमरेत मोटरसायकलच्या क्लचची तार रुतली होती. तारेचं दुसरं टोक एका कोवळ्या झाडाला, आणि त्याच झाडाला रश्मीची फीत. मादी उसळत होती, तार दातांनी चावत होती, तिच्या तोंडातून रक्ताचा फेस गळत होता. गेले तीन महिने रोज फोटोत भेटणारी हीच ती, अंगावरच्या ठिपक्यांवरून रश्मीनं ओळखली. हिला जिवंत सोडवायचंच, एवढं एकच तिच्या मनात राहिलं.

"वनखात्याची टीम निघालीय, भुलीचं इंजेक्शन घेऊन येतायत. तोवर कुणी जवळ जायचं नाही," ती राजारामला म्हणाली.

पण खालच्या इमारतींतून सातआठ जण मोबाईल सरसावून वर आलेच. "काय झकास दिसतेय यार!" एकानं खडा मारला. दुसऱ्यानं धोंडाच मारला.

"अरे, अक्कल आहे का तुम्हाला? मागे व्हा!" म्हणत राजाराम हात पसरून आडवा झाला. त्याची पाठ मादीकडे होती.

तिनं झेप घेतली आणि झाड मुळासकट उपटून आलं. ती थेट राजारामच्या पाठीवर पडली. पंजाच्या एका फटक्यात त्याच्या डोक्याची कातडी कपाळापर्यंत सोलली गेली, गाल फाटला. मोबाईलवाले किंचाळत पळाले. रश्मी ओरडली, दगड आपटले, पण मादीचे दात आता राजारामच्या मानेकडे वळले होते. मग रश्मीनं ट्रायपॉड दोन्ही हातांनी उचलला आणि मादीच्या डोक्यात घातला. एकदा. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला, तरी ती मारतच राहिली, मादी लुळी पडेपर्यंत.

संध्याकाळी मादीचं शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी रश्मीला बाजूला घेतलं.

"तार कातडीतच होती हो, आत शिरली नव्हती. जगली असती," ते हळू आवाजात म्हणाले. रश्मीनं बाहेर येऊन भिंतीवर मूठ आपटली, पुन्हा आपटली, सोललेल्या हातातून रक्त येईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली. राजारामची बायको वनमाला दारातच भेटली. तिनं रश्मीचे हात हातात घेतले, डोळ्यांना लावले. "तू होतीस म्हणून वाचला गं माझा माणूस."

"मावशी, तसं नाहीये. माझ्यामुळं झालंय हे." रश्मीनं फितींचं सगळं सांगून टाकलं. वनमालाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला आणि शेवटी तिनं रश्मीच्या कानाखाली खणखणीत वाजवली. मग दारातून बाजूला झाली. "जा आत. त्याला सांग."

राजारामचा एक डोळा पट्टीखाली होता. रश्मीनं खाली मान घालून पुन्हा सगळं सांगितलं.

"फिती बांधत होतीस त्याच दिवशी मला कळलं होतं, फासकीवाले या वाटेनं येणार म्हणून," तो अडखळत म्हणाला. "दोनदा ओठांवर आलं होतं. पण तू एवढी शिकलेली, देश फिरलेली. म्हटलं, हिला आपण काय सांगायचं?"