अप्पांची उर्दू आणि बहिणीचा डावा हात

निजामाच्या राज्यात जिंतुरात आमचं कापडाचं दुकान होतं. अप्पांना आपल्या उर्दूचा फार अभिमान. ती उर्दू गिऱ्हाइकाला मलमल दाखवण्यापुरती होती, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

माझी धाकटी बहीण महिन्याभराची असताना एका सकाळी दूध घेईना. अंग पांढरंफटक, आणि उजवा हात राहून राहून झटके देत होता. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, टाळूवर बोट ठेवलं. एरवी मऊ असणारी टाळू टरारून फुगली होती. आत्या म्हणाली, "दिष्ट लागली असंल." अव्वानं तिला मीठ-मिरच्या ओवाळू दिल्या आणि तेवढ्यात लुगडं बदलून ती मोटारीला निघालीही. अप्पा दुकानाला कुलूप घालून मागून पळत आले. मला कुठं ठेवायचं ते कुणाला सुचलं नाही, म्हणून मीही गेले.

परभणीच्या दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादकडचे. बाळाला तपासून ते म्हणाले, "दिमाग के गिर्द खून जमा हुआ है."

अव्वानं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी घसा खाकरला. "खून झालाय म्हणायलेत."

"खून? कुनी केला?" अव्वा म्हणाली. "लेकरू तर माझ्या मांडीवरून उतरलंच न्हाई."

डॉक्टरांना मराठी कळत होती. ते हसले नाहीत. "रगत, बाई. डोक्यात रगत सांडलंय. त्याच्यानं मेंदूच्या एका भागाला रगत मिळालं न्हाई. लकवा हाय हा."

"लकवा तर म्हाताऱ्याला होतो," अप्पा म्हणाले.

"तान्ह्यालाबी होतो."

त्यांनी टाळूच्या कडेनं बारीक सुई घालून काळपट रक्त काढलं. अव्वानं बाळाचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. धीर द्यायला म्हणून आत आलेल्या अप्पांना बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं. ते काम माझ्याकडं आलं.

झटके थांबले. काही दिवसांनी ती दूध प्यायली, तेव्हा अव्वा पहिल्यांदा रडली. उजवी मूठ मात्र वळलेलीच राहिली.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन उजव्या हातानं पूजा करायची, ही रीत. बहीण जरा मोठी झाली तशी ती लिंग उजव्या हाताच्या वळलेल्या बोटांत ठेवून डाव्या हातानं विभूती लावू लागली. अप्पांना ते खुपायचं. घरी मठाचे स्वामी आले तेव्हा अप्पांनी गाऱ्हाणं मांडलं, "स्वामी, हिचं सगळं उलटं चाललंय."

स्वामींनी तिलाच विचारलं, "लिंग पडतंय का गं तुझ्या हातातून?"

"न्हाई," ती म्हणाली. "अप्पांचं पडतंय. त्यांना पूजेत डुलकी लागती."

स्वामींनी खाली मान घातली आणि बराच वेळ वर केली नाही. मग म्हणाले, "हिचं चालू द्या."

दुसऱ्या दिवसापासून अप्पा चूळ भरून, डोळ्यांना पाणी लावून पूजेला बसू लागले, आणि तेही तिच्यापासून जरा लांब.