अण्णांचं चित्र आणि आईचा फोटो

मंडळी, आज दुपारी सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या जुन्या घरी गेलो होतो. वडील, म्हणजे अण्णा, जाऊन वर्ष झालं. त्यांनी रंगवलेल्या निसर्गचित्राचा फोटो काढायचा आणि इथं चार कौतुकाचे शब्द लिहायचे, एवढाच बेत होता.

चित्र साधंच आहे. दोन डोंगर, नदी, काठावर झोपडी. सोलापुरात बसून एवढा हिरवा रंग त्यांनी कुठं पाहिला, देव जाणे!

आईला म्हटलं, "शेजारी उभी राहा की, दोघांची आठवण होईल."

आई पदराला हात पुसत म्हणाली, "नको रं बाबा. मी आले की चित्र बिघडतंय."

मला आधी काही कळेना. मग आठवलं.

अण्णा कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली तेव्हा ते दोन महिने घरी बसून हेच रंगवत होते. समोर आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. त्यावर आमचं घर चालायचं. एक दिवस तिनं हौसेनं विचारलं, "मला बी काढा की नदीवर."

अण्णांनी मानही वर केली नाही. "तू आलीस की चित्र बिघडतंय."

आम्ही पोरं खदाखदा हसलो होतो. सगळ्यात मोठ्यानं मी.

आज आईनं माझ्या हातातून मोबाइल घेतला. "तूच उभा राहा, मी काढते."

खालचा फोटो तिनं काढलाय. नीट बघा आणि खरं सांगा, कुठं बिघडलाय का?